खोक्याची मागची बाजू

भाचीच्या ज्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, ते लांबलचक नव्हतं. ती दूरच्या शहरात एका विज्ञान संग्रहालयात नोकरी करते. तिथे तिला एक नवं दालन उभारायचं काम मिळालं होतं, पहिल्यांदाच एकटीच्या जबाबदारीवर. दालनात एक गल्ली असणार होती. दुकानं, खिडक्या, दिव्याचे खांब, दारात टेकवलेल्या सायकली, सगळं ओळखीचं. फरक एवढाच की या गल्लीत प्रकाश सायकलीच्या वेगाने चालतो. ताशी वीस किलोमीटर.

‘मामा,’ तिने लिहिलं होतं, ‘प्रकाशाचा वेग बदलला तर जगात काय काय बदलेल, ते मला तुझ्या पद्धतीने लिहून दे. आणि मुळात तो बदल आपल्याला कळेल का, ते आधी सांग.’

माझी पद्धत म्हणजे पाटीची पद्धत. मी आयुष्यभर आमच्या गावच्या संग्रहालयात वस्तूंखालच्या पाट्या लिहिल्या. पाटी वाचणारा माणूस उभा असतो. खांद्याला पिशवी असते, एक मूल हात ओढत असतं, आणि मागचा माणूस हा कधी पुढे सरकतो याची वाट बघत खाकरत असतो. तेवढ्यात त्याला धूमकेतू समजला पाहिजे. ते मला बऱ्यापैकी जमायचं, निदान तक्रार कोणी केली नाही. लोकांशी बोलणं मात्र कधी जमलं नाही, आणि पाटी वाचून कोणी पाटीला उलट प्रश्न विचारत नाही, म्हणून ती नोकरी मला मानवली.

पत्र आलं त्याच दिवशी मी कागद घेऊन बसलो होतो. ‘नाही, कळणार नाही,’ असं लिहिलं. ते खोडून लिहिलं, ‘कळायला आपण उरणारच नाही.’ दोन्ही खरं होतं, आणि तीच पंचाईत होती.

वेग म्हणजे किती वेळात किती अंतर. अंतर आपण पट्टीने मोजतो आणि वेळ घड्याळाने. पट्टी काय नि घड्याळ काय, दोन्ही अणूंचीच बनलेली, आणि अणू ज्या हिशेबावर उभा असतो त्या हिशेबात प्रकाशाचा वेग आधीच धरलेला असतो. प्रकाशाबरोबर बाकीचं सगळं त्याच प्रमाणात बदललं, तर पट्टीही बदलेल, घड्याळही बदलेल, आणि मोजायला जावं तर आकडा पुन्हा तोच. उलट, बाकी सगळं जागच्या जागी ठेवून एकट्या प्रकाशाला सायकलीच्या वेगावर आणलं, तर अणूतल्या विजेचं गणित असं कोलमडेल की अणू टिकायचेच नाहीत. मग सायकल नाही, गल्ली नाही आणि भाचीही नाही. पोरीचं पहिलं दालन, आणि मामाने पाठवायचं काय, तर हे. उद्या नीट विचार करून लिहू म्हटलं. पत्र आलं तेव्हा अंगात स्वेटर होते. आता पंखे लागले होते आणि पत्र जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीखाली पडून होतं.

ताई, म्हणजे माझी मोठी बहीण, भाचीची आई, रोज मीठ घेताना ते बघायची. मेहुणे गेल्यापासून आम्ही दोघं एकत्र राहतो. ती शिवणकाम करत आली आहे. मशीनवर आता फारशी बसत नाही, पण जुन्या गिऱ्हाइकांचे कोट अजून तीच बेतते. पुढची खोली सगळी तिच्या टेबलाने व्यापलेली आहे. माझी पुस्तकं तिच्या कापडांच्या मागे, आणि मी पुस्तकांच्या मागे.

“काय रे घुम्या,” ती एकदा मीठ वाढून घेताना म्हणाली, “या पत्राला पाय फुटायची वाट बघतोयस का?”

लहानपणी मी कोणाशी बोलत नसे, तेव्हापासून मी घुम्या. सत्तरी ओलांडल्यावर तरी नाव बदलेल असं वाटलं होतं.

“विचार चाललाय,” मी म्हणालो.

“तो चाललाय खरा. वीसच्या वेगाने तरी चालव. पुस्तकांत नाही का सापडत उत्तर?”

“दोन सापडलीत.”

“मग दोन्ही लिही. आपले वकीलसाहेब आहेत त्या. दोन्ही बाजू ऐकून घेतील आणि तिसरंच काहीतरी म्हणतील.”

भाची दुसरीत असताना शाळेच्या बाईंशी वाद घालून स्वतःचा एक मार्क कमी करून घेऊन आली होती, कारण तो चुकून जास्त मिळाला होता. त्या दिवसापासून घरात ती वकीलसाहेब.

नंतर एका रविवारी दुपारी ताईच्या फोनवर फोटो आला. ताई एका करड्या कोटाच्या बाह्या बेतत होती. तिने चष्मा कपाळावर चढवला, फोन लांब धरला, मग जवळ धरला.

“ये, बघ. तुझ्या भाचीने एका माणसाला इस्त्री केलीय.”

मी पुस्तकांमागून बाहेर आलो. फोटोत एक सायकलवाला होता. घरोघर पार्सलं पोचवणारा, मागे पाठीशी मोठं चौकोनी खोकं बांधलेला. पूर्ण मापाचा, मातीचा. आणि तो खरोखरच इस्त्री फिरवल्यासारखा होता. उंची जशीच्या तशी, पण पुढून मागून दाबलेला. चाकं उभ्या अंड्यासारखी, खोकं आखूड, नाक चेहऱ्यात बसलेलं. खाली भाचीने लिहिलं होतं: ‘गल्लीतला सायकलवाला. प्रकाश वीसच्या वेगाने, हा बाराच्या. खोकं मुळात पन्नास सेंटीमीटर लांब, तेवढंच रुंद. पुढच्या आठवड्यात साचा घेणार, मग काहीच बदलता येणार नाही. आई, मामाला दाखव. तो पत्राला उत्तर देत नाही, निदान बघेल तरी.’

“बिचारा,” ताई म्हणाली. “याच्या मापाचा कोट कसा बेतायचा?”

चपटेपणात तसं काही नवल नव्हतं. प्रकाशाच्या वेगाच्या आसपास धावणारी वस्तू धावण्याच्या दिशेने आखूड भरते, हे कुठल्याही पुस्तकात असतं. बाराच्या आणि वीसच्या हिशेबाने ती पाचाच्या जागी चार भरणार, आणि मूर्तिकाराने खोकं बरोबर तेवढंच केलं होतं. तरी मला काहीतरी टोचत होतं. पाटीत एखादा शब्द चुकीचा पडला की वाचायच्या आधीच तो खुपतो, तसं. मी फोटो बघत राहिलो. माझी नजर पुन्हा पुन्हा खोक्याकडे जात होती.

“ताई, तुझा बेताचा तपकिरी कागद दे ना.”

“बाही अर्धी झालीय माझी.”

“एकच ताव.”

“तू माझ्याकडे काही मागितलंस त्याला किती वर्षं झाली असतील?” असं म्हणत तिने कोट बाजूला सारला आणि गुंडाळीतून कागद फाडून टेबलावर पसरला. कडेला कात्री आणि पिनांचा डबा ठेवून तो सपाट केला. मी तिचा खडू घेतला आणि खोकं वरून कसं दिसेल ते काढलं. साधा चौकोन, भाचीने फोटोखाली दिलेल्या मापाचा. कागदाच्या खालच्या कडेला, बऱ्याच लांब, एक टिंब दिलं.

“ही तू,” मी म्हणालो. “फुटपाथवर उभी आहेस. सायकलवाला तुझ्यासमोरून डावीकडून उजवीकडे चाललाय.”

“मी एवढीशी?”

“लांब आहेस. आता खोक्याच्या मागच्या बाजूला दोन कोपरे आहेत. एक तुझ्या जवळचा, एक पलीकडचा. दोन्हीकडून प्रकाश निघतो आणि तुझ्या डोळ्यात एकाच वेळी शिरतो. पलीकडच्याला जास्त चालायचं आहे.”

“मग तो आधी निघाला असणार. लग्नाला लांबचे पाहुणे आदल्या दिवशी निघतात तसा.”

“हो. किती आधी? जितक्या वेळात प्रकाश खोक्याची रुंदी ओलांडतो तितका. आपल्या जगात तो वेळ म्हणजे काहीच नाही. पण या गल्लीत प्रकाशही रमतगमत येतो आणि तोवर खोकं पुढे सरकतं. प्रकाश पाच पावलं टाकतो तेव्हा खोकं तीन टाकतं.”

मी खडूने पलीकडचा कोपरा तीन हिश्श्यांनी मागे काढला, कारण प्रकाश निघाला तेव्हा तो तिथे होता. मग त्या खुणेपासून टिंबाकडे रेघ ओढायला गेलो आणि हात थबकला. एरवी या रेघेच्या वाटेत खोकंच आडवं आलं असतं. पलीकडचा कोपरा बाजूने बघणाऱ्याला कधी दिसत नाही, जवळची बाजू त्याला झाकते. पण इथे प्रकाश वाटेवर असताना खोकं पुढे निघून जात होतं. वाट मोकळी होती.

“काय झालं?” ताईने विचारलं.

“मागची बाजू दिसेल,” मी म्हणालो. “खोकं सरळ चाललेलं असेल, बाजूने जाताना, आणि तरी त्याची मागची बाजू दिसेल. रुंदीच्या पाचातले तीन हिस्से.”

मी दोन्ही मापं कागदावर शेजारी शेजारी घेतली. बाजूची चार हिस्से, कारण ती आखूड भरते. मागची तीन हिस्से, कारण ती उघडी पडते. तीन आणि चार, आणि मूळ बाजू पाच. तीन, चार आणि पाच मापांच्या बाजू जोडल्या की काटकोन होतो, हे शाळेत शिकलेलं, आणि ते इथे माझ्यासमोर खडूत पडलं होतं. न दाबलेलं, अगदी धडधाकट खोकं थोडंसं वळवून ठेवलं, तर त्याची बाजू चारच हिस्से दिसते आणि मागची तीन.

“तुझा बटणांचा डबा चौकोनी आहे ना?”

ताईने बटणं एका बशीत ओतली आणि डबा दिला. डब्याच्या मापाने मी आकृती लहान करून पुन्हा काढली, प्रत्येक कोपऱ्याच्या खुणेपासून टिंबाकडे रेघ ओढली आणि डबा कागदावर ठेवून हळूहळू फिरवू लागलो. एका जागी त्याचे कोपरे सगळ्या रेघांवर नेमके उभे राहिले.

ताईने वाकून बघितलं. तिने काटकोनी पट्टी लावून रेघा तपासल्या, कारण तिचा कोणाच्याही मापावर विश्वास नाही.

“फिटिंग बसलं,” ती म्हणाली.

म्हणजे तो चपटा दिसणार नव्हता. फुटपाथवरच्या माणसाला तो वळलेला दिसेल, पाठ दाखवत चाललेला, जणू गल्ली सोडून पलीकडच्या भिंतीतच शिरतो आहे. नाक जागेवर, चाकं चाकांसारखी. मूर्तिकार कुठे घसरला तेही आता स्पष्ट होतं. ती चूक त्याच्याच हातून व्हावी अशी होती. मूर्तिकार वस्तू एका क्षणी पकडतो. कोपरे सगळे एकाच क्षणाचे, नाकापासून खोक्यापर्यंत. डोळा तसं करत नाही. डोळ्यात जे एकदम पोचतं ते वेगवेगळ्या क्षणी निघालेलं असतं. आपल्या जगात हा फरक इतका बारीक की कोणत्याही मूर्तिकाराला त्याची फिकीर करावी लागत नाही. संथ गल्लीत तोच फरक खोक्याएवढा होतो.

इथवर मी खुशीत होतो. मग नेहमीप्रमाणे पुस्तकांकडे गेलो. या विषयावरची तीन पुस्तकं काढली. तिन्हींत सायकलवाल्याऐवजी आगगाडी, धावपटू, मोटार, आणि सगळे चपटे. एकातला धावपटू तर चपटा होऊन हसत होता. मी पुस्तकं टेबलावर ठेवली आणि मला माझ्या खडूची लाज वाटायला लागली. जाड जाड पुस्तकं लिहिणाऱ्या माणसांच्या पुढ्यात आपण बटणांचा डबा घेऊन काय बसलोय.

“चेहरा का पडला?” ताईने कोट परत ओढून घेतला होता.

“सगळ्यांनी चपटाच काढलाय.”

“त्यांनी खाली काय लिहिलंय ते वाच की. चित्र काढणारा वेगळा असतो, लिहिणारा वेगळा. माझ्या मासिकांत पण तसंच असतं.”

मी वाचलं. तिन्हींत मजकूर काटेकोर होता. धावणाऱ्या वस्तूची दोन्ही टोकं एकाच क्षणी मोजली तर लांबी कमी भरते. मोजली तर. ‘दिसते’ असं एकानेही लिहिलं नव्हतं. ते शेजारचं चित्र म्हणत होतं. म्हणजे पुस्तकांचं आणि माझं भांडण नव्हतंच. मी काही नवा शोध लावला नव्हता, असं काहीतरी माझ्या आधी अनेकांनी मांडून ठेवलेलं असणार. पण भाचीच्या गल्लीत लोक मोजायला येणार नव्हते, बघायला येणार होते. मी कागद पहिल्यापासून पुन्हा तपासला. मग एकदा उलट्या बाजूने, सायकलवाला उजवीकडून डावीकडे नेऊन तपासला. कागद बरोबर होता.

“फोन कर तिला,” ताई म्हणाली.

“तूच सांग ना.”

“मी काय सांगू, खोक्याला पार्श्वभाग आहे म्हणून?” तिने नंबर लावला आणि फोन माझ्या हातात कोंबला.

मी फोनवर बोलायला लागलो की पलीकडच्याला लाइन गेल्यासारखं वाटतं. भाचीला मात्र सवय आहे.

“मामा? तू फोनवर? आई बरी आहे ना?”

“बरी आहे. बाही बेततेय.”

“मग?”

“खोक्याची मागची बाजू दिसायला हवी.”

“कुठल्या खोक्याची, मामा?”

मग मी सांगितलं. आधी अडखळत, पण आकृती समोर होती. पाटी लिहिताना जसं एकेक वाक्य पुढच्याला वाट करून देतं तसं होत गेलं आणि मी शेवटपर्यंत पोचलो. तिने मध्ये फक्त दोनदा ‘थांब’ म्हटलं, आणि दोन्ही वेळा पेन्सिलीचा आवाज आला.

“म्हणजे,” ती म्हणाली, “मूर्तिकाराने महिनाभर घासून घासून चपटा केलेला माणूस मी मोडायला सांगायचा. आणि त्याच्या जागी साधा माणूस बनवून नुसता वळवून उभा करायचा.”

“हो.”

“आमचे सर म्हणणार, सगळ्या पुस्तकांत चपटा आहे, तुझ्याच दालनात हा वाकडा का?”

“वाकडा नाही. वळलेला.”

“मामा, चेष्टा नाही. मी मोडायला लावला आणि उद्या कोणीतरी येऊन म्हणालं की आधीचाच बरोबर होता, तर हे माझं पहिलं दालन आणि शेवटचंही. आणि आहे तसाच ठेवला आणि तू बरोबर असलास, तर ती चूक पुढची वीस वर्षं तिथे उभी राहणार, माझ्या नावावर. म्हणून एकच विचारते. तुला खात्री आहे?”

या प्रश्नाला माझं आयुष्यभराचं एक उत्तर ठरलेलं आहे. ‘खात्री अशी नाही म्हणता येणार, पण...’ त्यानंतर मी बराच वेळ बोलतो आणि ऐकणारा दुसऱ्या कोणाला तरी विचारायला जातो. मी कागदाकडे बघितलं. बटणांचा डबा अजून रेघांवर होता. तिथे ‘पण’ म्हणायला जागाच नव्हती.

“आहे,” मी म्हणालो.

ताईची कात्री थांबली.

“परत म्हण,” भाची म्हणाली.

“खात्री आहे.”

“मग लिहून दे. फोनवरचं बोलणं मी कोणाच्या टेबलावर ठेवू? आणि मूर्तिकाराला फोटो पाठवू नकोस, तो फोटो मानत नाही. पूर्ण मापाचा कागद पाठव, त्याला जमिनीवर अंथरून त्यावर खोकं उभं करता येईल असा. सोबत पत्र, सरांसाठी. खाली तुझी सही. आणि मामा, माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच दे. ते मी विसरलेली नाही.”

मी फोन ठेवला. ताईने गुंडाळीतून नवा, कोरा ताव फाडला आणि स्वतःहून टेबलावर पसरला.

पूर्ण मापाची आकृती आम्ही दोघांनी मिळून काढली. मी सांगायचो, ती रेघ ओढायची, कारण तिचा हात अजून थरथरत नाही. कोपऱ्यांच्या जागा, टोकं, दिशेचा बाण, बघणाऱ्याची जागा, सगळं कोटाच्या बेतावर असतं तसं खुणांनी दाखवलं. मग मी पत्र लिहायला बसलो. पहिल्या वाक्यात मी ‘बहुतेक’ लिहिलं होतं. ते वाचल्यावर तो कागद बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला.

‘प्रिय वकीलसाहेब,’ मी लिहिलं.

‘आधी पहिला प्रश्न. प्रकाशाचा वेग बदलला आणि त्याबरोबर अणू, पट्ट्या, घड्याळं सगळं त्याच प्रमाणात बदललं, तर कोणालाही कळणार नाही. कळेल तेव्हाच, जेव्हा बाकी सगळं तसंच राहील आणि एकटा प्रकाश बदलेल. मग मात्र ते सगळीकडून कळेल.

‘वेग खूप वाढला तर सोनं पिवळं राहणार नाही. सोन्याच्या अणूत आतले इलेक्ट्रॉन इतके जोरात धावतात की त्यांना प्रकाशाच्या वेगाची मर्यादा जाणवते, आणि त्याचा परिणाम बाहेर रंगापर्यंत पोचतो. ती मर्यादा लांब गेली तर सोनं चांदीसारखं पांढरं दिसेल. पाराही मग खोलीत पातळ न राहता घट्ट होऊन बसेल. उलट वेग थोडा कमी झाला तर अणूंची आपसातली बांधणी बदलेल, आणि पाणी, मीठ, रक्त यांपैकी कशाच्याही स्वभावाची हमी देता येणार नाही. खूप कमी झाला तर अणूच उभे राहणार नाहीत. आकाशातही फरक दिसेल. चंद्र आज आपल्याला सव्वा सेकंदापूर्वीचा दिसतो. प्रकाश काही हजार पटींनी संथ असता तर तो तासाभरापूर्वीचा दिसला असता, आणि दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश अजून वाटेवरच असता. दिसणारं विश्व खूप लहान असतं.

‘तेव्हा तुझी गल्ली खरी असू शकत नाही. हे दालनाच्या दारावरच लिही, पहिल्या पाटीवर, न लाजता. अणूंना आपण इथे सवलत दिली आहे म्हणावं. मग लोकांना आत जाऊ दे. समोरच्या दुकानाच्या काचेत त्यांनी हात हलवला तर काचेतला हात जरा वेळाने हलेल. गल्लीच्या टोकाचा दिवा विझला तरी इथून थोडा वेळ जळताना दिसेल. सायकलवाला फेऱ्या मारून परत येईल तेव्हा गल्लीत पाच तास गेले असतील आणि त्याच्या मनगटावर चारच.

‘आणि तो चपटा दिसणार नाही. मोजला तर आखूड भरेल. समोरून जाताना बघितला तर तो वळलेला दिसेल आणि त्याच्या खोक्याची मागची बाजू दिसेल. सोबतच्या कागदावर हे पूर्ण मापात काढलं आहे. मूर्तिकाराने साधं, न दाबलेलं खोकं त्या खुणांवर ठेवून बघावं. ते बसेल.’

ताईने पत्र मोठ्याने वाचलं. सोन्यापाशी ती थांबली आणि बोटातली अंगठी फिरवत राहिली.

“म्हणजे वेग वाढला तर ही पांढरी?”

“हो.”

“आणि घेतली सोन्याच्या भावाने.”

“भावही मग बदलेल ना.”

“मग बदल नकोच,” ती म्हणाली आणि पुढे वाचायला लागली. शेवटी तिने कागद उलटा करून बघितला. “सही कुठाय?”

पाटीखाली कधी कोणाचं नाव नसतं. इतकी वर्षं मी लिहिलेलं हजारो लोकांनी वाचलं आणि ते कोणी लिहिलं हे कोणालाच माहीत नव्हतं. मला तसंच बरं वाटायचं. चुकलं तर संग्रहालय चुकलं. आता चुकलं तर मी चुकणार होतो, आणि माझ्यापायी भाची. मी आकृती आणखी एकदा बघितली. तिच्यात नवीन काही सापडलं नाही. मी पेन उघडलं, पत्राखाली पूर्ण नाव लिहून सही केली, आणि तपकिरी कागदाच्या कोपऱ्यातही केली, कारण मूर्तिकार पत्र वाचेलच असं नाही.

ताईने मोठा कागद तिच्या पद्धतीने घडी घातला. घड्या रेघांवर पडू नयेत म्हणून ती बेताचे कागद एका विशिष्ट तऱ्हेने दुमडते. पाकीट चिकटवताना मला शेवटचं वाक्य पुन्हा बघायची हुक्की आली. “ते बसेल” ऐवजी “बसायला हवं” बरं, असं वाटून गेलं. मी बोटाने कड दाबून धरली आणि डिंक वाळेपर्यंत सोडली नाही.

सोमवारी सकाळी टपाल कार्यालय उघडलं तेव्हा मी बाहेर उभा होतो. खिडकीतल्या बाईंनी पाकीट हातात घेऊन जोखलं.

“जाड आहे. आत काय?”

“एका पत्राचं उत्तर.”

“साधं पाठवायचं की नोंदणी करून?”

“नोंदणी करून,” मी म्हणालो. “आणि जितक्या लवकर पोचेल तितकं.”

त्यांनी पाकीट काट्यावर ठेवलं, तिकिटं लावली, शिक्का मारला आणि मागच्या पोत्यात टाकलं.